काचेच्या पेटीला भोक

माणसाने आयुष्यात काय पाडावं, याचे ज्याचे त्याचे शौक असतात. कुणी विहीर पाडतं, कुणी शेजारच्याचे आंबे पाडतं, कुणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्ख्या मेव्हण्याला पाडतं. रोह्याच्या आदेश पाटीलला काचेला भोक पाडायचं होतं. तेही फुटक्यातुटक्या काचेला नव्हे. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेल्या, काठोकाठ भरलेल्या आणि आजवर एक थेंबही न गळलेल्या माशाच्या पेटीला. चांगलं चाललेलं असताना त्यात हात घालायची ही खोड मध्यमवर्गाला कुठून लागते कोण जाणे. श्रीमंताला नवीन घेता येतं, गरिबाला आहे ते चालवून घ्यावं लागतं, मधल्याला मात्र सुधारणा सुचतात.

पेटीत मासा एकच होता. ऑस्कर जातीचा, काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे असलेला आणि चांगला पोसलेला. त्याचं नाव मुकादम, कारण तो दिवसभर काचेपाशी उभा राहून घरातल्या माणसांची कामं बघायचा आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायचा नाही. खायचा मात्र चौघांचं, आणि जेवढं खाईल तेवढं इमानदारीने पाण्यात सोडायचा. ते साफ करायला पेटीच्या मागे एक फिल्टर टांगलेला होता. तो सतत गुळण्या केल्यासारखा आवाज करायचा. आदेशची बायको अनिता हिच्या मालिकेत कुणी मरायला टेकलं, की नेमकं त्याच वेळी फिल्टरला जोर यायचा.

"हा गुळण्या करनारा तरी ठेवा, नायतर मला तरी," असं अनिता एकदा म्हणाली आणि आदेशच्या डोक्यात चक्र फिरलं.

आदेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर होता. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह यांच्यात त्याची हयात गेलेली. "सगळं शास्त्र एकच हाय," तो अनिताला म्हणाला. "पाणी वरून ओसंडलं पायजे, खाली साठलं पायजे आणि पंपाने परत वर गेलं पायजे." म्हणजे पेटीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडायचं, त्यात टँक निपल बसवायचं, त्याला पाइप जोडून पाणी खालच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या पेटीत सोडायचं. ही खालची पेटी म्हणजे संप. घाण संपात अडकणार, स्वच्छ पाणी पंप वर ढकलणार. मुकादम वर, कचरा खाली, गुळण्या बंद.

"पानी लादीवर येनार," अनिता म्हणाली.

"अगो, कंपनीत दोन लाख लिटर पाणी माझ्या भरवशावर असतं!"

"तिथली लादी मला पुसायला लागत नाय."

आदेशने पेटीच्या काचेवर बोटाने टकटक केलं आणि कोपऱ्यातला बारीक शिक्का दाखवला. "टफन्ड हाय. हातोडा मारला तरी फुटनार नाय." हा शिक्का तो घरी येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा.

बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. समोरच्या शकूताई म्हणाल्या, काचेला भोक पाडलं की घरातल्या माणसाचे दात दुखतात, त्यांच्या माहेरी एकाने पाडलं होतं. ज्याला बोलावलं त्या प्लंबरने पेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "साहेब, लोक मला गळती थांबवाया बोलवतात. गळती चालू करून देनारा मानूस येगळा बघा." तो चहा पिऊन गेला. आणि मग आले नाथाकाका.

नाथाकाका हे सोसायटीचे सेक्रेटरी. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, म्हणजे शरीराने. मनाने ते अजून खिडकीच्या आतल्या बाजूलाच बसलेले होते.

"आदेशराव, प्लंबिंगमध्ये बदल करताय असं कळलं. कमिटीची परवानगी?"

"प्लंबिंग नाय हो काका. माशाची पेटी हाय."

"पाइप हाय का?"

"हाय."

"त्यातनं पानी जानार का?"

"जानार."

"मग ते प्लंबिंग नाय तर काय भजन हाय?" काका खुर्चीत बसले. "भोक भिंतीला?"

"काचेला."

"काच कुनाच्या हद्दीत?"

"माझ्या."

"खालच्या फ्लॅटच्या डोक्यावर की नाय? मग अर्ज करा. कोरम भरला की मीटिंगमध्ये ठेवतो."

सोसायटीचा कोरम शेवटचा भरला होता तेव्हा मीटिंगला वडे होते. त्यानंतर खजिनदाराने वडे बंद केले आणि लोकशाही थंडावली. आदेशने अर्ज केला, नाथाकाकांनी तो दोनदा वाचून फाइलला लावला, आणि दोघांनाही कळलं की हे भोक आता काही या जन्मी पडत नाही.

पण आदेशने तयारी सोडली नाही. काच कापायचा डायमंडचा गोल कटर त्याने ऑनलाइन मागवला आणि कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्याकडून ड्रिल मशीन आणलं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसला. त्यात एक गोरा मनुष्य अगदी हसत हसत काचेला भोक पाडत होता. आता शेजारी अनिताची मालिका चालू, त्यामुळे आदेशने हा सबंध व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. गोरा मध्येच बोट वर करून, डोळे मोठे करून काहीतरी कळवळून सांगायचा. आदेशला वाटे, चॅनेलला लाइक करा म्हणून सांगत असेल.

एक गोष्ट मात्र त्याने नीट टिपली. गोऱ्याने काचेवर मातीसारख्या कशाची तरी गोल पाळ केली होती आणि त्या आळ्यात पाणी भरून मग मशीन चालवलं होतं. काच तापू नये म्हणून. ही माती कुठली? रोह्याच्या हार्डवेअरवाल्याने असलं काही ठेवत नाही म्हणून सांगितलं. आणि मग आदेशला असा साक्षात्कार झाला, की तो बसल्या जागी हसला. चिकट, मऊ, हाताला येईल तसा आकार घेणारी माती म्हणजे शाडू! अन् शाडूसाठी पेणच्या गणपतींशेजारी वाढलेल्या माणसाने काय परदेशात जायचं? त्या गोऱ्याला पेण माहीत नव्हतं, हे त्याचं दुर्दैव.

दुसऱ्याच दिवशी कंपनीत हाफ डे टाकून तो मोटरसायकलने पेणला निघाला. आता रोह्याहून पेणला जायचं म्हणजे वाटेत गडब लागतं, आणि गडब हे आदेशचं गाव. तिथे अगदी हायवेला लागून त्याचा मोठा भाऊ पोपटदादा राहतो. त्या दाराशी न थांबता आदेश आजवर कधी पुढे गेला नव्हता. पण आज थांबायचं म्हणजे दादा विचारणार, कुठं चाललास? काचेला भोक पाडायला माती आणतोय असं सांगितलं असतं तर दादा इतका हसला असता की आवाज वडखळच्या नाक्यापर्यंत गेला असता. कंपनीत साहेब म्हणवून घेणाऱ्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. हेल्मेट घातलं की आपण कुणाला दिसत नाही, असा आदेशचा समज होता. तो खाली मान घालून सरळ पुढे गेला.

पेणला शिवाचा गणपतीचा कारखाना होता. पाटलांची मूर्ती वर्षानुवर्षं तिथूनच, घरून पाठवलेल्या पाटावर बसून जायची. गणपतीला अजून अवकाश होता, पण फळ्यांवर ओळीने पांढऱ्या मूर्ती वाळत बसल्या होत्या, आणि शिवा एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता.

"या आदेशशेठ. पोपटदादांनी पाट पाठवला का?"

"पाट नाय. जरा माती पायजे व्हती. शाडूची."

शिवाचा ब्रश थांबला. "माती? ती कशाला?"

आदेशने आजूबाजूला पाहिलं. शे-दीडशे गणपती त्याच्याकडे बघत होते. इतक्या गणपतींच्या देखत 'माशाच्या घाणीसाठी' असं म्हणायला त्याची जीभ वळेना.

"घरीच जरा करून बघावं म्हटलं."

"रोह्याला?"

"व्हय."

"पयल्यांदाच?"

"पयल्यांदाच."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे पुढे आदेशने अनेकांना अनेकदा सांगितलं. शिवा मात्र गहिवरला. आदेशने मागितला होता नारळाएवढा गोळा. शिवाने अर्धं पोतं भरलं, तोंड बांधलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि एक जास्वंद खोचली. पैसे काढले तर हात जोडले. "घरातल्या पयल्या मूर्तीच्या मातीचं काय घ्यायचं नसतं."

तरीसुद्धा आदेश काही बोलला नाही. फुकट मिळालेल्या वस्तूने भल्याभल्यांची वाचा बसते. येताना गडबला नेमकी ट्रॅफिक तुंबली, आणि पेट्रोलच्या टाकीवर कुंकू वाहिलेलं पोतं घेऊन आदेश बराच वेळ बरोबर दादाच्या अंगणासमोर, हेल्मेटमध्ये अदृश्य होऊन उभा राहिला. ट्रॅफिक सुटली तसा पुढे निघाला.

रोह्याला जिन्यात शकूताई भेटल्या. त्यांनी पोतं पाहिलं, कुंकू पाहिलं, जास्वंद पाहिली आणि पायातल्या चपला काढल्या. अनिता दार उघडून बाहेर आली होती.

"गो अनिता! तुमच्याकडं बाप्पा येनार व्हय? सांगितलं पन नाय!"

"अहो ताई, ती माती पेटीला..." अनिता सांगायला लागली.

"पेटीला म्हंजे? काचेचं मखर?" शकूताईंचे डोळे विस्फारले. "बाई गो, काय एकेकाचं डोकं चालतं!"

संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या बायका पोत्याच्या दर्शनाला येऊन गेल्या. एकीने पोत्यापुढे साखर ठेवली. दिवेलागणीला नाथाकाका स्वतः जिना चढून आले आणि त्यांनी आदेशच्या हातात सहीशिक्क्याचं पत्र ठेवलं. सदर सभासदास त्यांच्या फ्लॅटमध्ये आवश्यक ते काम करण्यास सोसायटीची हरकत नाही.

"पण कोरम?" आदेशने विचारलं.

"बाप्पाच्या कामाला कसला कोरम?" काकांचा आवाज ओला झाला होता.

वास्तविक इथेच आदेशने खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण 'आवश्यक ते काम' हे शब्द त्याच्या नजरेस पडले. भोक हे आवश्यक काम नव्हतं काय? त्याने पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि काकांना नमस्कार केला. सुशिक्षित माणूस खोटं बोलत नाही, तो फक्त समोरच्याचा गैरसमज मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी गडबहून आवडीवहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, फोन आला. अनिताने तो घेतला आणि ऐकता ऐकता खाली बसली. तिने फोन आदेशकडे दिला.

"भावजी, शिवानं सांगितलं. तुमी बाप्पा येगळा करताय म्हनून." वहिनींचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. "गावातल्यांनी पन बघितला. पोतं घेऊन दारासमोर उभं व्हतात, पन आत आलात नाय. तुमच्या दादांनी कालपासनं अन्न घेतला नाय."

आता आदेशच्या पायाखालची लादी सरकली. पाटलांचा गणपती एकच, गडबचा. शेताची वाटणी झाली तरी भाऊ भावाच्या पंगतीला बसतो. चूल वेगळी झाली तरी सणाला बायका एकत्र मोदक वळतात. पण गणपती वेगळा बसला की गाव समजतं, आता यांच्यात काही उरलं नाही. आणि एकदा बसवला की तो मोडता येत नाही. बाप गेल्यावर ज्या दादाने स्वतःची शाळा सोडून आदेशला आयटीआयला घातलं, त्याला हे तिसऱ्याच्या तोंडून कळलं होतं.

"वहिनी, देवाशप्पथ गणपती नाय! ती माती माशाच्या पेटीला भोक पाडायला आनलीय!"

"भावजी, आमी अडानी असू," वहिनी म्हणाल्या, "पन इतक्या नाय. ते येत्या रविवारी दुपारचं येतायत. तुमच्या वाटनीचं द्यायला." आणि फोन ठेवला.

आदेशने दादाला फोन लावला. दादाने उचलला नाही. परत लावला, परत लावला, मग फोन बंदच लागायला लागला. आदेशला जेवण जाईना. खरं सांगून कुणाला पटत नव्हतं, कारण खरं इतकं बावळटपणाचं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की पुरावा दाखवायला हवा. रविवारी दादा यायच्या आत भोक पाडून, निपल बसवून, पाइप जोडून, पाणी खेळतं ठेवायचं. मातीची पाळ तशीच काचेवर ठेवायची. दादाला हाताला धरून न्यायचं आणि म्हणायचं, बघ. आजवर हे भोक हौसेचं होतं. आता ते पडलं नसतं तर भाऊ गेला असता.

रविवारी सकाळी पेटी रिकामी केली. मुकादमाला कपडे भिजवायच्या लाल टबात ठेवलं. तिथूनही तो कामावर नजर ठेवून होता. दिवाणखान्यात गादी टाकून त्यावर पेटी आडवी केली, मागची काच वर. आदेशने शाडूची सुरेख पाळ वळली. हात फिरवून गुळगुळीत केली. पेणच्या पाण्याचा गुण, असं म्हणून त्याला जरा अभिमानही वाटला. तोवर दार उघडंच होतं, त्यामुळे शकूताई आरतीचं ताट घेऊन आत आल्या, त्यांच्यामागून बायका आल्या आणि नाथाकाका निरीक्षक म्हणून खुर्ची घेऊन बसले.

"मखर आडवं का वो?" शकूताईंनी हळूच विचारलं.

"आशीर्वाद द्या फक्त," आदेश म्हणाला आणि त्याने मशीन चालू केलं. अनिताने तांब्याने आळ्यात पाणी घातलं.

सुरुवात झकास झाली. मशीन गुरगुरलं, काचेवर बारीक गोल उमटला. आणि मग पाणी दुधासारखं व्हायला लागलं. आदेशला वाटलं, काचेची पूड असेल. पाणी आणखी घट्ट झालं. पाळ एका बाजूने खचली आणि लगदा गादीवर उतरला. "माती आन, माती!" आदेश ओरडला. अनिताने पोत्यातून गोळा दिला, त्याने तो चोपला, तो पाण्याबरोबर वाहून गेला. कटर फिरतोय तिथे आता पांढरा चिखल उडत होता. आदेशच्या चष्म्यावर, मिशीवर, भिंतीवर, टीव्हीवर आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या पदरांवर. भोक कुठे आहे ते दिसेना. नाथाकाका म्हणाले डावीकडे घ्या, शकूताई म्हणाल्या उजवीकडे, अनिता म्हणाली बंद करा. आदेशने घड्याळाकडे पाहिलं. दादा यायची वेळ झाली होती. त्याने जीव खाऊन मशीन दाबलं.

फट्ट!

काच तडकली नाही. काच राहिलीच नाही. सबंध मागची बाजू एका क्षणात साबुदाण्याएवढे दाणे होऊन पेटीत, गादीवर आणि सोफ्याखाली पसरली. ड्रिल मशीन हवेत फिरत राहिलं. अनिताने बटण बंद केलं.

नाथाकाकांनी वाकून एक दाणा उचलला आणि उजेडात धरला. "टफन्ड व्हती का? टफन्डला भोक पाडायचं नसतं, आदेशराव. माझ्या साडूचं काचेचंच दुकान हाय."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"तुमी अर्जात काचेचा प्रकार लिहिला नव्हता."

आदेश चिखलात बसला होता. तेवढ्यात बायका बाजूला झाल्या. दारात पोपटदादा उभा होता. पांढरा शर्ट, दाढी वाढलेली, आणि हातात कापडी पिशवी. त्याने आत कुठेच नीट पाहिलं नाही. बायका, आरतीचं ताट, शाडू, एवढं त्याला पुरलं होतं. पिशवीतून त्याने पंच्यात गुंडाळलेली एक समई काढली आणि टीव्हीपुढे ठेवली.

"आयची जोडी व्हती," तो म्हणाला. "एक तुजी. येगळा करायचा त कर, पन अंधारात नको करू. मला आधी सांगितला असतास त मीच आनली असती माती." आणि तो परत फिरला.

आदेशने त्या एकट्या समईकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्याने ती कधी एकटी पाहिली नव्हती. तो तसाच, चिखलाच्या हातांनी, दादाच्या शर्टाला लोंबकळला.

"दादा, गनपती नाय रे! भोक पाडत व्हतो! माशाच्या पेटीला, काचेला!"

सोसायटीच्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. नाथाकाका खुर्चीतून उठले. दादा मात्र न वळताच म्हणाला, "आदेश, खोटं बोलायचं त जरा बरं बोल. शिकलेला मानूस काचेला भोक कशाला पाडंल?"

"मीच पाडत व्हतो! विचार यांना. काका, अर्ज केला व्हता का नाय मी?"

"केला व्हता," नाथाकाका कडू तोंडाने म्हणाले. "विषय, माशाच्या पेटीस भोक पाडणेबाबत."

"दादा, खरंच हाय ते," अनिता डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली. "मीच तांब्यानं पानी घालत व्हते. यांनी शिवाला पन खरं सांगितलं नाय, तुमाला पन नाय, सोसायटीतल्यांना पन नाय. लाज वाटत व्हती. हा बघा मासा टबात हाय."

दादा वळला. त्याने टबातल्या मुकादमाकडे पाहिलं, मुकादमाने दादाकडे पाहिलं. मग दादाने गादीवरचा पांढरा लगदा चिमटीत घेतला आणि बोटांत चोळला.

"ही शाडूच हाय ना?"

"व्हय."

"काय केलास तिचा?"

"पाळ केली. पानी अडवायला."

"शाडूची पाळ. पानी अडवायला." दादाने ते शब्द सावकाश उच्चारले. "दरसाल इसर्जनाला मूर्ती डोक्यावरनं पान्यात कोन न्हेतो?"

"मी."

"मंग पान्यात गेल्यावर मातीचा काय व्हतो?"

आदेशने चिखलाने भरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. लहानपणापासून तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दर वर्षी तेच बघत आला होता. बघताना डोळेही भरून यायचे त्याचे. फक्त ते भोकाच्या वेळी आठवलं नव्हतं.

"इरघळते," तो खाली मान घालून म्हणाला.

दादाच्या ओठांची कड हलली. मग खांदे हलले. मग तो सोफ्यावर चिखलातच बसला आणि हसायला लागला. पोट धरून, मांडीवर थापा मारत. खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसू थांबलं तरी ते थांबेना. त्याने पंच्याने तोंड पुसलं.

"घर येगळा करायला अक्कल लागते रे," तो म्हणाला. "तुज्याकडं नाय, तेच बरा हाय."

इतकी वर्षं आदेशने स्वतःच्या अकलेची एवढी काळजी घेतली होती, पण तिची अशी जाहीर वासलात लागल्यावर त्याला जेवढं हलकं वाटलं तेवढं कधीच वाटलं नव्हतं. शकूताईंना मात्र प्रश्न पडला होता की भरलेलं ताट तसंच परत कसं न्यायचं. शेवटी त्यांनी पोपटदादालाच ओवाळलं. समई पंच्यात गुंडाळून पिशवीत गेली. अनिताने चिखलातून वाट काढत भात टाकला.

पण जेवण वाढेपर्यंत दादा स्वस्थ बसला नाही. बातमी गावभर झाली होती, ती पुसायला हवी होती. त्याने मोबाइल काढला, स्पीकरवर टाकला आणि आधी वहिनींना लावला, मग पेणला शिवाला, मग गडबच्या भावकीतल्या एकेकाला. आदेश त्याच्याशेजारी पाय पोटाशी घेऊन बसला होता. अंगावरची शाडू आता वाळून तडकायला लागली होती. ज्या हसण्याच्या भीतीने तो दारावरून पुढे निघून गेला होता, ते हसणं आता फोनमधून घराघरातून येत होतं, आणि तो एक शब्दही चुकू नये म्हणून कान देऊन ऐकत होता.

"येगळा बिगळा काय नाय," दादा चुलतभावाला सांगत होता. "आमच्या शहान्यानं काचेला भोक पाडलान, शाडूची पाळ करून. व्हय, शाडूची! मंग काय, काच जराशी तडकली..."

"जराशी नाय दादा," आदेशने मध्येच त्याचा हात धरला. "भुगा झाला म्हनून सांग."